फुकट मिळणाऱ्या साप्ताहिकाविषयी बाबांस

शिकागो,
२२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर मी इथल्या फुकट साप्ताहिकाचा विषय काढला, तेव्हा तुम्ही म्हणालात की जे फुकट वाटतात ते रद्दीतच जाते. सोलापूरच्या साखर पेठेतल्या छापखान्यात ज्याने तीस वर्षे अक्षरांचे खिळे जुळवले आणि रात्री घरी बसून वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या पट्ट्या अंकांवर चिकटवल्या, त्याचे म्हणणे मला फोनवर खोडून काढता आले नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

‘शिकागो रीडर’ या त्या साप्ताहिकाचा पहिला अंक १ ऑक्टोबर १९७१ रोजी निघाला. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकलेल्या रॉबर्ट रॉथ आणि त्यांच्या मित्रांनी तो काढला. सोळा पानांचा आणि पहिल्या दिवसापासून फुकट. दुकानांत, कॉफीच्या ठिकाणी गठ्ठे ठेवायचे, अंक पुरेशा हातांत गेला की जाहिरातदार आपणहून येतील, असा त्यांचा हिशेब होता. सुरुवातीची वर्षे तोट्याची गेली, पण पुढे छोट्या जाहिरातींनी साप्ताहिक तारले. शहरात भाड्याने घर शोधणारा प्रत्येक जण गुरुवारी हा अंक उचलायचा, आणि त्याच्या त्या गरजेतून हजारो शब्दांच्या लेखांचा खर्च निघायचा.

त्यांतला एक लेख तुम्हांला सांगितलाच पाहिजे. इथले पोलीस अधिकारी जॉन बर्ज आणि त्यांच्या हाताखालची माणसे संशयितांना विजेचे झटके देऊन कबुलीजबाब घेत, असा आरोप अँड्र्यू विल्सन नावाच्या कैद्याने दाव्यात केला होता. तो स्वतः दोन पोलिसांच्या खुनात दोषी ठरलेला, त्यामुळे त्याच्याविषयी कुणाला सहानुभूती नव्हती. पत्रकार जॉन कॉनरॉय १९८९ मध्ये त्या खटल्याच्या सुनावणीला बसले आणि जानेवारी १९९० मध्ये ‘रीडर’ने त्यांचा प्रदीर्घ लेख छापला. त्यानंतरही वर्षानुवर्षे ते याच विषयावर लिहीत राहिले. बर्ज यांना १९९३ मध्ये नोकरीतून काढले, २०१० मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल ते दोषी ठरले, आणि २०१५ मध्ये शहराने पीडितांसाठी ५५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. आता हा इतिहास इथल्या सरकारी शाळांत शिकवला जातो.

चार हुतात्मा चौकातून जाताना, कुर्बान हुसेन फासावर जाण्याआधी पत्रकार होते, हे तुम्ही मला दर वेळी सांगत असा. पत्र काय छापण्याची हिंमत करते यावरून त्याची पारख करायला तुम्हीच शिकवलेत. त्या पारखेत किंमत कुठे येते, बाबा?

पुढची कहाणी मात्र तुमच्या छापखान्यासारखीच आहे. इंटरनेटवर छोट्या जाहिराती विनामूल्य देता येऊ लागल्या आणि पानांची पाने ओस पडली. २००७ मध्ये पत्र विकले गेले आणि त्याच वर्षअखेरीस ज्या पत्रकारांना काढले, त्यांत कॉनरॉयही होते. त्यानंतर मालक बदलत गेले. करोनाकाळात साप्ताहिकाचे पाक्षिक झाले, २०२२ मध्ये ते ना-नफा संस्थेकडे गेले, आणि जून २०२४ मध्ये पुन्हा दर आठवड्याला निघू लागले. अंक अजूनही फुकटच आहे.

आज सकाळी स्टेशनजवळच्या पेटीचे झाकण उचलले तेव्हा आत तीनच अंक उरले होते. एक माझ्यासाठी आणि एक तुमच्यासाठी असे दोन घेतले, तिसरा मागे उभ्या असलेल्या म्हातारबांनी घेतला. बोटांना शाई लागली, तेव्हा तुमच्या सदऱ्याच्या बाह्यांची आठवण झाली.

दिवाळीला येणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाबरोबर तो अंक पाठवत आहे. इंग्रजी वाचायचा त्रास घेऊ नका. फक्त मधली पाने उलगडून स्तंभांची जुळणी आणि समास पाहा आणि तुम्हांला काय वाटते ते कळवा. आईस नमस्कार.

आपली,
लेक