जीर्णोद्धार देवळाचा, आणि राईचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत तालुक्यातल्या देवळांच्या जीर्णोद्धाराचे फोटो बघितले. कळस, टाइल्स, रंग सगळं झकास, पण दोन-तीन फोटोत देवळामागे आभाळ दिसतंय हो, तिथे राई होती, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जुनं रान, देवराई. ती कुठे गेली हे बातमीत एका ओळीनेही नाही म्हणून हे पत्र.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याचं जंगल नावापुरतंच, बाकी रान सगळं खासगी, सातबाऱ्यावर ढीगभर नावं आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईला. ठेकेदार येतो, सगळ्यांच्या सह्या गोळा करतो, कटर फिरतो, लाकूड ट्रकने घाटावर जातं आणि पुढच्या पावसात त्याच डोंगरावर काजूची कलमं रांगेत उभी. मी शेतकऱ्याला नावं ठेवत नाही, भातशेतीत काही सुटत नाही आणि काजू माझ्याकडेही आहे. पण यामुळे झालंय काय, की जुनं रान म्हणावं असं आता गावात एकच उरतं, देवाच्या नावावर राखलेली एक-दोन एकर राई. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी 1970 च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांवर काम केलं, त्या राखल्या पाहिजेत असं तेव्हाच लिहून ठेवलं, आणि आपण पन्नास वर्षांनी तिथे पेव्हर ब्लॉक बसवतोय.

आधी लोक घाबरायचे, राईतली सुकी काटकीसुद्धा चुलीला न्यायचे नाहीत. आता देव कमी झालाय असं नाही, उलट पैसा वाढलाय. मुंबई मंडळाची वर्गणी येते, सभामंडपाला निधी मिळतो, मग सभामंडपाला जागा पाहिजे, जेवणावळीला शेड पाहिजे, चाकरमान्यांच्या गाड्यांना पार्किंग पाहिजे. झाड तोडायचं तर देवाला कौल लावतात, म्हणजे देवाची परवानगी विचारतात, आणि तो कसा मिळतो ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको, उजवा, म्हणजे होकार, येईपर्यंत लावत बसायचं.

शेजारच्या गावात असाच एक बेहडा पाडला, कारण काय तर पोकळ झालाय, उद्या मंडपावर पडेल. त्याच्या ढोलीत ककणेराचं (धनेशाचं) घरटं असायचं. हा पक्षी स्वतः ढोली कोरत नाही, त्याला जुन्या झाडाची आयतीच लागते. मादी आत बसून तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते आणि नर महिनोन् महिने त्या फटीतून उंबराची, वडाची फळं भरवत राहतो. त्या बेहड्याच्या बुंध्याशी खाली पडलेल्या बियांचा थर असायचा आणि पाऊस पडला की त्यातून कसली कसली रोपं वर यायची. म्हणजे रोपवाटिका फुकटात चालू होती, आम्ही ती झाडून, सारवून, वर काँक्रीट टाकून बंद केली! आणि गंमत बघा, 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या मूळ यादीत आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ आहेत, बेहडा नाही. यादीतली झाडं तोडली तरी दंड ठेवला होता हजार रुपयांपर्यंत, तेवढ्यात तर आता कटरवाल्याची मजुरीपण सुटत नाही.

नुसती राई राखून भागणार नाही हेही खरं. चारी बाजूंनी काजू आणि मधे एकटी राई असेल तर पक्षी तिथे खाणार काय? निदान पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांची झाडं आणि बांधावरचे उंबर, वड सोडायला हवेत म्हणजे एका राईतून दुसऱ्या राईत जायला वाट राहते. पऱ्याच्या अगदी काठावर काजू तसाही नीट होत नाही, मग तिथलं तोडायचं कशाला?

आणि राखलं तर मिळतं काय म्हणणाऱ्यांनी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात जाऊन यावं. हेवाळे-बांबर्ड्यात गावाने राखलेल्या राईत रानटी जायफळाची दलदल (दलदलीत उभं असलेलं जायफळाचं रान) सापडली, असलं जंगल महाराष्ट्रात असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. 2021 मध्ये सरकारने ती जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. जागा किती, जेमतेम अडीच हेक्टर. कुणी आधीच तिथे मंडप घातला असता तर?

माझं म्हणणं मंडळांना एवढंच आहे की देऊळ जरूर बांधा, पण आहे त्याच जोत्यावर. पार्किंग राईच्या बाहेर सड्यावर, उघड्या कातळावर करा, थोडं चालायला लागलं तर लागलं. आतला पालापाचोळा रोज झाडायचा सोस सोडा, आणि ग्रामसभेत राईची हद्द मोजून लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातल्या झाडं-प्राण्यांच्या नोंदीच्या वहीत) घाला, 2002 च्या जैविक विविधता कायद्याने ती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी, बऱ्याच ठिकाणी कपाटात पडून असते. आणि तुम्हीसुद्धा जीर्णोद्धाराची बातमी किंवा जाहिरात छापताना किती लाख खर्च आला हे विचारता तसं किती झाडं तोडली हेही विचारा आणि छापा.

आपला,
एक नियमित वाचक, ता. संगमेश्वर