आधी वाचा, मग रागवा

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू पुढे" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहूनच पाठवतेय. येत्या सोमवारपासून दर आठवड्याला तुमच्याकडे भाजी आणि फळं घरपोच येणार. पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत (मिळतही असतील, मी विचारलंच नाही). दादाला माहितीये, त्याला मध्ये घालू नका.

बाबा, तुमचं म्हणणं पाठ आहे मला, नीट निवडून घेतलं की कुठेही चांगला माल मिळतो. तुमच्यासारखी निवड कुणाला जमत नाही हे पण मान्य. पण तुम्ही ज्या ढिगातून निवडता ना, तो आधीच कुणीतरी निवडून झालेला असतो! माल उतरला की प्रतवारी होते, एक नंबरचा जास्त पैसे मोजणाऱ्यांच्या भागात जातो, उरलेला फिरत फिरत आपल्यासारख्यांच्या वस्तीत येतो, आणि तोवर पालेभाजीतलं क जीवनसत्त्व बरंचसं गेलेलं असतं. तुमची नजर काय करणार त्याला.

बरं, आपल्याला स्वस्त तरी कुठे पडतं? ज्यांच्याकडे गाडी आणि मोठा फ्रिज आहे ते एकदम भरपूर घेतात, त्यांना किलोमागे कमी लागतात, आपण पावशेर पावशेर घेऊन जास्त देतो. त्यांचं काही सडलं तर टाकून देतात, आपल्याकडे सडलं म्हणजे एका वेळचं कालवण गेलं. म्हणून तर आई कायम टिकणाऱ्याच भाज्या घ्यायची. आई, तू डागाळलेला भाग असा काढायचीस की मला कितीतरी वर्षं वाटायचं फळ म्हणजे फोडीच असतात, आणि माझ्या ताटलीत नेहमी जास्त, दादा अजून बोलून दाखवतो. तेव्हा काही कमी पडलं असं मी म्हणत नाहीये हं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

आता ऐका. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी रोज निदान 400 ग्रॅम फळं-भाज्या हव्यात, म्हणजे दोघांचे 800, आणि बटाटे त्यात धरत नाहीत, बाबा! पालेभाजी आली की आधी ती संपवायची. चांगलं ते पाहुण्यांसाठी राखून ठेवायचं नाही. शेजारी द्या की, पण आधी स्वतः खा. आणि बाबांच्या बीपीच्या गोळीला भाजी हा पर्याय नाही, गोळी चालूच.

बाबा, संध्याकाळी बाजारात चक्कर मारणं बंद करू नका, तिथल्या गप्पांशिवाय तुम्हाला करमणार नाही. फक्त जड पिशवी घेऊन जिना चढायचा नाही, गुडघ्याचं तेव्हा काय झालं ते आठवतंय ना. सोमवारी माणूस वर दारापर्यंत येईल, आईने खाली उतरू नये. काही खराब आलं तर कापून वापरत बसू नका, फोटो पाठवा, भांडायचं काम माझं.

तुमची,
धाकटी