गोधडी मामाबरोबर देतोय

सोलापूर,
१९ जानेवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू चिडून फोन ठेवलास. मोतीबिंदू पिकलाय आणि बाबा गल्लीभराच्या गोधड्या शिवत बसतात, हे तुझं म्हणणं. गड्ड्याची जत्रा उठली की डॉक्टरांकडे जातो. पण तूही रात्रपाळी करून पहाटे गाडीवर... नको. तो विषय काढायचा नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय.

जन्मभर चादरीच्या कारखान्यात राबलो. जेकार्ड मागाचे भोकं पाडलेले पत्ते सांगतील तसा चादरीवर मोर उठायचा, आपल्या मनाचं काही नाही. गोधडीत काकूचं हिरवं लुगडं कुठं बसवायचं ते मी ठरवतो. बाकी आजीची शिस्त तीच. थर अंथरून आधी टाचून घ्यायचे, मग कडेनं धावदोरा घालत घालत आत यायचं. सिंथेटिक साडी आजही घेत नाही. आतल्या आत सरकते, घामही शोषत नाही. शेजारची तरी आणून ठेवतेच, काय बोलणार!

तुझ्या वॉर्डातल्या बाळाचा दुपट्यातला फोटो अजून मोबाईलमध्ये आहे. कट्ट्यावर सगळ्यांना दाखवून झालाय. माझी मुलगी सिस्टर आहे, हे न विचारताच सांगतो.

तू लहानपणी आजीच्या गोधडीचं टोक चोखल्याशिवाय झोपायची नाहीस. ते विरलं म्हणून आजीनं आजोबांच्या धोतराचा तुकडा लावला, तर अंधारातही ओळखलास आणि घर डोक्यावर घेतलंस. आता दिवसा झोप लागते का गं? खोलीच्या खिडकीला जाड पडदा लाव. ड्युटी संपल्यावर चहा घेऊन अर्धा तास तिथंच बस, मग नीघ. नाहीतर रिक्षा कर, पैसे मी देतो. पेंग आली की माणसाला कळतसुद्धा नाही. आमच्या कारखान्यात रात्रपाळीचा जॉबर, म्हणजे मुकादम, उभ्या उभ्या झोपायचा, त्याचं बोट... जाऊ दे. झालं भाषण सुरू. रागावू नकोस, तुला सगळं कळतं.

रविवारी मामा हुतात्मा एक्सप्रेसनं येतोय. गोधडी आणि शेंगाचटणी त्याच्याकडे देतो. कडक भाकरी आई बांधतेय. आदल्या रात्री ड्युटी असेल तर स्टेशनवर येऊ नकोस, तो रिक्षानं येईल. दाराची किल्ली तेवढी खालच्या काकूंकडे ठेव, म्हणजे बेल वाजवून तुला उठवायला नको.

तुझा,
बाबा