लष्करी मेळ्यातली माहिती गावच्या शाळेपर्यंत यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या खेड्यातल्या माणसाला लष्कर दुरूनच ठाऊक असते. कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे. पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, आणि अंबाझरी, जवाहरनगर, भद्रावती इथे आयुध निर्माणी आहेत. तरी आमच्याकडे या नावांची चर्चा होते ती वाईट बातमी आली की. मे २०१६ मध्ये पुलगावच्या डेपोत आग लागली आणि आजूबाजूची गावे रातोरात रिकामी करावी लागली, ती रात्र वर्धा जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. एरवी फाटक, काटेरी तार आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी, एवढीच आमची ओळख.

म्हणूनच यंदाच्या हिवाळ्यात एका लष्करी तळावर सर्वांसाठी मेळा भरतो आहे हे कळताच आमच्या शाळेतली नववी-दहावीची मुले घेऊन गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते, तरीही काही आयाबाया मजुरी बुडवून सोबत आल्या. फाटकावर आधार कार्ड दाखवून आत शिरलो. बँड, श्वानपथक, बचत गटांची झुणका-भाकर, सगळे छानच होते. पण मुलांचा पाय निघेना तो बीएमपी-२ या चिलखती गाडीपाशी. मागची जाडजूड दारे उघडून जवान सांगत होता की ही दारे आतून पोकळ असून त्यांत डिझेल भरतात. गाडी पाण्यातही तरते. आत सात जवान बसतात, त्यांतले मागचे सहा पाठीला पाठ लावून, आणि भिंतीतल्या झरोक्यांतून बाहेर नेम धरतात. सात मुले तशीच दाटीवाटीने बसली. मग त्याने विचारले, “कोन्या गावचे रे पोट्टेहो तुमी?” वर्दीतला माणूस आपल्या बोलीत बोलतो म्हटल्यावर मुलांची भीड चेपली. तोही शेतकऱ्याचा मुलगा, बुलढाण्याकडचा. दहावीतल्या एका मुलीने त्याला थेट विचारले, “दादा, मी अधिकारी होऊ शकते का?”

त्या प्रश्नासाठीच हे पत्र लिहितो आहे. त्याने तिला माहितीच्या टेबलाकडे पाठवले. तिथे तिला कळले की एनडीएत, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे आणि १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये तिथून बाहेरही पडली. बारावीत शिकत असतानाच ती परीक्षा देता येते. त्या तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालू आहे, मुलींसाठी नाशिकला सोय झाली आहे, आणि तिथला अर्ज दहावीत असतानाच करावा लागतो. म्हणजे दहावीचा निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्याची संधी तिथेच संपली. आमच्या भागात बहुतेक जण चौकशी करतात ती त्यानंतरच.

मुलांची गोष्ट तर मनाला फार लागते. पहाटे कोणत्याही गावच्या डांबरी रस्त्यावर जा, भरतीची तयारी करणारी पोरे अनवाणी नाहीतर फाटक्या बुटांत धावताना दिसतील. १६०० मीटरची वेळ त्यांना तोंडपाठ असते. पण चार वर्षांसाठी जवान घेणाऱ्या अग्निवीर भरतीत २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते आणि त्यात निवडलेल्यांनाच मैदान मिळते, हे कित्येकांना अर्ज भरताना समजते. पाय तयार असतात, गणिताचे पुस्तक उघडलेले नसते. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच पुढे कायम ठेवतात, हेही घरच्यांना नीट माहीत नसते. आईवडील वावर गहाण ठेवून अकादमीची फी भरतात. त्यांना खरे चित्र आधी कळायलाच हवे.

रणगाडे, बंदुका बघायला गर्दी होणारच, व्हावीही. पण मेळ्यात येणाऱ्या मुलांसाठी ते माहितीचे टेबल अधिक मोलाचे आहे. आमच्या मुलांनी तिथे वही काढून सगळे उतरवून घेतले. घाई करावी लागली, कारण परतीची गाडी गाठायची होती. आमच्याच तालुक्यातल्या किती शाळांना मेळ्याची खबरही नव्हती, हे नंतर शिक्षकांशी बोलताना कळले.

माझी विनंती अशी की मेळ्याची तारीख गावोगावच्या शाळांना महिनाभर आधी कळवावी आणि त्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणाहून जादा बस सोडाव्यात. जिथल्या मुलांना येणे जमत नाही, तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मदतीने माजी सैनिकांना शाळेत बोलवावे. जवळपास प्रत्येक गावात एखादे निवृत्त हवालदार, सुभेदार साहेब असतातच, आणि स्वातंत्र्यदिनाला झेंड्यापाशी उभे करण्यापलीकडे आपण त्यांना काही विचारत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच नववी-दहावीच्या वर्गात त्यांचा एक तास ठेवला, तर अर्जाची मुदत हातात असतानाच मुलांना सगळे कळेल. आमच्या शाळेत यंदापासून तो तास सुरू करतो आहोत. इतर मुख्याध्यापकांनीही तो ठेवावा.

आपला,
एक शिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा