वीस कोष ठेवून घेतो

सोनू बाळा,

काल फोनवर तू रडली आणि मला काही बोलायलाच सुचलं नाही, नुसतं हं हं करत बसलो, नंतर रात्रभर झोप नाही. म्हणून आता रेशमाच्या शेडमध्ये बसून टाइप करायलोय. अळ्यांचा चौथा मोल्ट, म्हणजे कात टाकायची वेळ, बसलाय, पाला बंद आहे, चुना मारून झालाय, अळ्या डोकं वर करून गप बसल्यात, आता उद्यापर्यंत हाताला काम नाही. मम्मीला सांगितलं नाही तू रडली ते. तिला वाटतंय तुझं सगळं चांगलं चाललंय.

तू म्हणालीस प्रयोगात ऑपरेशन केलेले सगळे प्युपे, कोषातले किडे, परत मेले, सहा महिने गेले, आणि एवढ्यासाठी तुम्ही कर्ज काढलं का आण्णा. कर्जाचं तू डोक्यातून काढून टाक, ते मी बघतो. बाकीचं मात्र मला बोलायचंय. तू मागच्या दिवाळीत मला जे जे समजावून सांगितलं होतं ना ओट्यावर बसून, ते मी विसरलो नाही आणि नंतर तू पाठवलेलं पण सगळं वाचलंय, दोन दोन वेळा वाचलंय. काही चुकलं तर सांग.

शेडमध्ये मी इतकी वर्षं बघायलोय की दोन-अडीच हजार नाही, लाखभर अळ्या एकाच दिवशी खाणं सोडतात, एकाच दिवशी कात टाकतात. मला वाटायचं निसर्ग आहे, असतं तसं. तू सांगितलं की त्या अळीच्या मेंदूत दोन्ही बाजूला दोन-दोन अशा चारच पेशी असतात, त्यातून एक प्रोटीन सुटतं, पीटीटीएच, ते छातीतल्या ग्रंथीला उठवतं, ती ग्रंथी एकडायसोन सोडते आणि मग कात. चार पेशी! मोहरीहून बारीक मेंदू आणि त्यात चार. आपण शेवटी पाल्यावर 'संपूर्णा' मारतो ना, अळ्या सगळ्या एकदम कोषावर याव्यात म्हणून, ते झाडातून काढलेलं त्याच एकडायसोनच्या जातीचं आहे हे मला तू सांगेपर्यंत माहीत नव्हतं, ट्रेनिंगमध्ये नुसतं किती मिली ते सांगितलं होतं. आता फवारा मारताना प्रत्येक वेळी वाटतं की त्या चार पेशींचं काम मी बाहेरून करायलोय.

तो पोलंडचा कोपेच, त्याचं मला लई आवडलं होतं. १९१७ ते १९२२ च्या काळात, कुठलं मोठं मशीन नाही, अळीच्या अंगाला मधे दोरा बांधायचा आणि बघायचं पुढचा भाग कोषावस्थेत जातो का मागचा. पुढचा गेला, मागचा तसाच राहिला. मेंदू लवकर काढला तर अळी जगते पण पुढं सरकत नाही, आणि उशिरा काढला तर काही फरक पडत नाही कारण मेंदूनं सांगायचं ते सांगून झालेलं असतं. मेंदू रक्तात काहीतरी सोडतो हे त्याच्या आधी कुणी दाखवलंच नव्हतं, आणि दाखवलं ते दोऱ्यानं.

आणि तुला मुद्दाम आठवण करून देतो ती इशिझाकींची गोष्ट, कारण ती तूच मला सांगितली आणि तूच विसरली. १९६१ साली जपानमध्ये त्यांनी रेशमाच्या मेंदूतला हा हार्मोन पाण्यात उतरतो हे दाखवलं, मग सुझुकी जोडीला आले, आणि लाखो पतंगांची डोकी कापून, वाटून, गाळून ते शोधत राहिले. टेस्ट कशावर, तर मेंदू काढलेल्या एरीच्या, म्हणजे दुसऱ्या जातीच्या रेशीम किड्याच्या, कोषावर. वीस-बावीस वर्षांनी एक शुद्ध पेप्टाइड हातात आलं, आणि ते निघालं भलतंच. एरीचा कोष त्यानं जागा होत होता पण खुद्द रेशमाच्या अळीत ते काम त्याचं नव्हतं. ते निघालं इन्सुलिनच्या भावकीतलं, बॉम्बिक्सिन. खरं पीटीटीएच वेगळं होतं आणि त्याचा जीन सापडला १९९० ला. म्हणजे २९ वर्षं. पण मला सांग, ते भलतं निघालं म्हणून वाया गेलं का? मी रोज सकाळी पोटात जे पेन टोचून घेतो त्याचा नातेवाईक ह्या शेडमधल्या अळीत आहे हे कुणाला कळलं असतं? मी हे गावात दोन-चार जणांना सांगितलंय, दवाखान्यात डॉक्टरला पण सांगितलं.

आता तुझं स्वतःचं. डायपॉज हार्मोन, अंड्याला झोपवणारा. हे वाचताना मला सगळ्यात जास्त आज्जी आठवते, का ते सांगतो. आपल्या दोन पिढ्यांच्या जातीत, म्हणजे बायव्होल्टाइनमध्ये, अंड्यात गर्भ असताना त्याला २५ डिग्री ऊब आणि उजेड मिळाला तर त्या अंड्यातली मादी मोठी होऊन जी अंडी घालते ती झोपून राहतात, हिवाळा काढतात. १५ डिग्रीत अंधारात राहिली तर तिची अंडी न झोपता दहा-बारा दिवसात फुटतात. आईनं अंड्यात असताना जे सोसलं ते तिच्या पोटच्यांना लागू होतं, आणि निरोप पोचवणारं कोण, तर मेंदूच्या खाली घशाजवळची एक बारीक गाठ, तिच्यातून सुटणारी २४ अमिनो ॲसिडची साखळी. ती अंडाशयाला सांगते रक्तातली साखर ओढून घे, ग्लायकोजन साठव, पुढं लागणार आहे. आज्जी ७२ च्या दुष्काळात माझ्या वेळेस गरोदर असताना खडी फोडत होती. माणसाचं असं नसतं, साधं इतकं सरळ नसतं, हे तू मला तेव्हाच बजावलं होतं आणि मी तसं म्हणत पण नाही. पण तू हे सांगत होतीस तेव्हा आज्जी ऐकत होती आणि उठून आत गेली, तुला आठवतंय का. नंतर मला म्हणाली, पोरगी चांगलं शिकायली.

ती गाठ काढली की मादी न झोपणारी अंडी घालते हे जपानच्या फुकुदा आणि हासेगावा यांनी वेगवेगळं काम करून १९५१ ला दाखवलं. तू तेच ऑपरेशन करायलीस ना? मग त्यांचे प्युपे मेले नसतील का बाळा. मेलेले कुणी छापत नाही. मी पहिल्या वर्षी तीन बॅच घालवल्या, एक उझी माशीनं, दोन माझ्याच चुकीनं, पाला ओला घातला होता. तेव्हा तू दहावीला होतीस, तू मला पेपर आणून दिला होता त्यात निर्जंतुकीकरणाचं आलं होतं.

आणि शेजारचे काका परत म्हणाले, किड्याच्या मेंदूचं घेऊन काय करायचं. त्यांना मी धरून त्यांच्याच तुरीत नेलं, कामगंध सापळ्यापाशी. म्हणलं ह्या गोळीतला वास घाटे अळीच्या मादीचा आहे, आणि ती मादी वास कधी तयार करते हे तिच्या मेंदूजवळचं एक पेप्टाइड ठरवतं, पीबॅन, ३३ अमिनो ॲसिडचं, १९८९ ला अमेरिकेत आपल्या घाटे अळीच्या चुलत बहिणीत सापडलं. आणि रेशमात सोनू जे शिकायली ते आणि हे एकाच जीनमधून कापून निघतं. एक जीन, इकडं अंड्याला झोपवतो, तिकडं नराला बोलावतो. काका बराच वेळ सापळ्यात वाकून पतंग मोजत बसले. २०१७ ला बोंडअळीनं त्यांची पण पऱ्हाटी गेली होती आणि आपली पण, तिथूनच तर आपण तुतीला आलो.

तुला काय करायचं ते तू ठरव, सोडायचं असलं तर सोड, घर तुझंच आहे. पण थकून सोडू नको, आधी दोन दिवस झोप, जेव नीट, मग सरांशी बोल की हात कुठं चुकतोय, भूल कमी पडती का जखम सडती. एवढं विचारायला लाजू नको.

मी इकडं एक करतो. ह्या बॅचचे वीस कोष मार्केटला नेणार नाही. पतंग पहाटे निघतात, त्यांच्या जोड्या लावून कागदावर अंडी घ्यायची, ते मला जमेल, ग्रेनेजमध्ये, जिथं अंडी तयार करतात तिथं, बघितलंय. आपल्याला बारीक अळ्या देणाऱ्या चॉकी सेंटरवाल्यांना विचारलं, त्यांनी अंडी २५ डिग्रीला उजेडात उबवली होती. म्हणजे तू सांगितलेलं बरोबर असलं तर ही अंडी पिवळी राहणार नाहीत, दोन-तीन दिवसात काळपट पडतील. रोज सकाळी एकाच जागेवर फोटो काढून तुला पाठवतो. तारीख टाकून.

मोल्ट उठायला लागलाय, कोपऱ्यातल्या दोन-चार हलायल्यात. पाला कापायला जातो.

तुझे आण्णा