पाऊस थांबल्यावर किती तासांनी मॅच?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय फुटबॉल स्पर्धा जवळ आल्या की सांगली-मिरजेच्या पोरांत संघापेक्षा ग्राउंडवरून जास्त जुंपते. ‘आमच्या गॅलरीत पाच हजार माणूस बसतंय’, असं एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं ‘तुमच्या ग्राउंडवर म्हशी बसत्यात, माणसं कुठली’, म्हणून उडवायचं. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या फुटबॉल संघांच्या पाठीराख्यांची ईर्ष्या शाहू स्टेडियमच्या एकाच मैदानावर उतरते, त्यामुळे तिथे मैदानावरून भांडायची सोय नाही. आपल्याकडे कॉलेजागणिक मैदान, म्हणून भांडणाला विषयही वेगळा. त्याला आमची हरकत नाही. दुसऱ्याला खाली दाखवायच्या हट्टापायीच कित्येक मैदानांवर पहिल्यांदा नळ आला. तक्रार आहे ती पोरं मोजतात काय याबद्दल. गॅलरी, कमान, फ्लडलाइट, साउंड सिस्टीम. म्हणजे जे जे रेषेबाहेर आहे ते सगळं.

आधी त्या पाच हजारांचा हिशेब. बसलेल्या माणसाला कमीत कमी 45 सेंटिमीटर रुंदी लागते. 40 मीटर लांबीची आठ पायऱ्यांची गॅलरी घेतली तर बसायची एकूण लांबी 320 मीटर, माणसं सातशेच्या आसपास, आणि त्यातून चढ-उताराच्या वाटा वजा व्हायच्या. मांडीला मांडी लावून आणि कठड्यावर पोरं चढवूनही हजारापुढे आकडा जात नाही. त्यातही पायरी 40 सेंटिमीटर उंच आणि 75 ते 80 सेंटिमीटर खोल नसेल, तर मागच्याला पुढच्याचं टाळकंच दिसतं. गॅलरी मैदानाच्या पश्चिमेला हवी, म्हणजे दुपारच्या मॅचला ऊन पाठीवर येतं. रस्ता पूर्वेला आहे म्हणून पूर्वेला बांधलेल्या गॅलरीत सगळं पब्लिक कपाळावर आडवा हात धरून बसलेलं दिसतं. गोलही उत्तर-दक्षिणच असावेत, नाहीतर उत्तरार्धात एका गोलकीपरच्या डोळ्यांत सरळ सूर्य.

मोबाईलवर अमेरिकेतल्या कॉलेजांच्या स्टेडियमचे फोटो फिरतात, त्यांचंही वेड या वादात आहे. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम 1927 सालचं, आजची क्षमता 1 लाख 7 हजार 601. बॉईझी स्टेट विद्यापीठानं 1986 मध्ये चक्क निळं कृत्रिम मैदान घातलं. तो फुटबॉल वेगळा, लांबट चेंडूचा, आणि तिथल्या पाठीराख्यांतही खुर्च्यांच्या आकड्यावरून अशीच चढाओढ असते. पण त्याच रांगेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचं बीव्हर स्टेडियम लाखावर माणसं बसवतं आणि खेळायला मात्र खरं गवत राखतं, हे त्या फोटोंखाली कोणी लिहीत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कॉलेजच्या मैदानाला 100 बाय 64 मीटर पुष्कळ झालं. त्यावर एक इंच, म्हणजे 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 1 लाख 60 हजार लिटर पाणी होतं, दहा हजारी टँकर सोळा. आपल्याकडे परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात धुऊन काढतो आणि स्पर्धाही त्याच सुमारास येतात. मग हे सोळा टँकर किती तासांत कुठे गेले, यावर मैदान चांगलं की वाईट ते ठरतं.

बहुतेक मैदानांच्या खाली काळी माती किंवा नदीकाठची गाळाची मळी आहे. उसाला ती सोनं असली तरी चेंडूला वैरीण. ओली झाली की फुगते, छिद्रं मिटतात, पाणी वरच उभं राहतं. उन्हाळ्यात आक्रसते आणि बुटाचं टोक अडकेल एवढ्या भेगा पडतात. यावर सगळीकडे एकच तोडगा चालतो, मुरूम टाका आणि रोलर फिरवा. पहिलं वर्ष झकास जातं. पुढे काळी माती ओली होऊन मऊ पडली की मुरूम तिच्यात रुतत जातो आणि चिखल वर येतो. तीनेक पावसाळ्यांत दोन्हींचा काला होतो. वर उरतात सुटे खडे. त्यावर स्लायडिंग टॅकल घातलेल्या, म्हणजे घसरत जाऊन चेंडू काढलेल्या पोराची मांडी बघावी, गुडघ्यापासून वर किसणीवर घासल्यासारखी निघते. मुरूम टाकायचाच असेल तर खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरावं, म्हणजे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत.

खरा उपाय उताराचा आणि चरांचा. मैदान मधोमध किंचित उंच आणि दोन्ही बाजूंना उतरतं हवं, शंभराला एक या प्रमाणात. मध्यापासून बाजूच्या रेषेपर्यंत 32 मीटर, म्हणजे उतार जेमतेम 32 सेंटिमीटर. डोळ्याला तो कळतही नाही, म्हणूनच ‘नजरेनं’ काढू नये, डंपी लेव्हल, म्हणजे उंच-सखल मोजायची दुर्बीण लावावी. नजरेनं काढलेल्या उतारात हमखास दोन-तीन बशा राहतात आणि तिथेच डबकी साठतात.

त्याखाली माशाच्या काट्यासारखे चर. दर पाच मीटरला एक, पंधरा सेंटिमीटर रुंद, दीड ते दोन फूट खोल. तळाला भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाईप, त्याला दोनशेला एक उतार, भोवती वीस एमएमची धुतलेली खडी आणि तिच्यावर जाड वाळू. असे दोन्ही बाजूंचे मिळून तेराशे मीटरच्या आसपास पाईप लागतो, आणि तो सगळा रेषेबाहेरच्या सहा इंची मोठ्या पाइपाला जोडायचा. इथे जी चूक होते ती जवळपास सगळीकडे एकच आहे. चर खणताना निघालेली काळी माती टाकायची कुठे, म्हणून शेवटचा फूटभर तीच परत भरून वरून दाबतात. मग पाईप खाली कोरडा ठणठणीत आणि पाणी वर उभं. वाळू थेट पृष्ठभागापर्यंत यायला हवी, वर फार तर गवताच्या मुळांपुरती हलकी माती. दुसरी चूक शेवटच्या टोकाला. मोठ्या पाइपाचं तोंड नाल्याच्या पाणी-पातळीपेक्षा वर नसेल तर पावसात नालाच मैदानात येतो. नदीची वाळू मिळत नाही म्हणून दगड भरडून केलेली क्रश सँड वापरतात, हरकत नाही, पण धुतलेली घ्यावी. तिच्यातली डस्ट पहिल्याच पावसात खडीत उतरून बसते आणि सगळं काम बुजवते.

वरचा थर सहा इंचांचा, तांबडी माती, वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत. 6,400 चौरस मीटरला हा माल 960 घनमीटर, म्हणजे सुमारे 340 ब्रास. आकडा ऐकून कमिटीचे चेहरे उतरतात, पण तेवढ्याच पैशात होणारी कमान कोणालाच जड वाटत नाही. शेणखत अर्धकच्चं आलं तर त्याबरोबर तणाचं बी येतं आणि मग तण काढण्यातच दोन वर्षं जातात.

गवत हरळीचं. शेतकरी जिला खणून खणून थकतो ती हरळी इथे लाखमोलाची, कारण तुडवली तरी मरत नाही आणि कांड्यांवर पसरते. जूनच्या पावसावर कांड्या चार ते सहा इंचांवर लावाव्यात आणि अडीच-तीन महिने मैदानाला कुलूप घालावं. हे कुलूपच कोणाला निभत नाही. पंधरा ऑगस्टच्या कवायतीला फाटक उघडतं आणि कोवळी मुळं बुटांखाली जातात. कापणी अडीच-तीन सेंटिमीटरवर, एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नाही. वीतभर वाढवून मग मशीन फिरवलं तर मैदान पिवळं पडतं आणि दोष पाण्याला दिला जातो. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तरी 32 हजार लिटर पाणी लागतं, तेव्हा बोअरचा अंदाज घेतल्याशिवाय गवताच्या गप्पा करू नयेत. वर्षातून एकदा तीन मिलिमीटर वाळू पसरून झाडूनं मुळांत उतरवावी, त्याला सातेक ब्रास पुरते.

एवढं केलेलं मैदान मोडायला मंडपाची एक रात्र पुरते. सभा असो, स्नेहसंमेलन असो की रिसेप्शन, ट्रकची चाकं ओल्या मातीत गेली की वीतभर खालीपर्यंत माती दाबली जाते आणि तिथे पुढे पाणी मुरत नाही. वरून रोलर फिरवून ती दुरुस्त होत नाही, उलट अजून घट्ट होते. तिथे काट्यानं तीन-चार इंच खोल भोकं पाडून त्यांत वाळू झाडावी लागते. खांबांचे खड्डे विटांच्या तुकड्यांनी भरतात, हे तर सरळ घोटा मोडायचं काम. त्याच मातीनं, चार-चार इंचांचे थर धुम्मसानं ठोकत भरावेत. आणि मंडप उतरल्यावर दोरीला लोहचुंबक बांधून सगळं मैदान एकदा ओढून घ्यावं. किती खिळे निघतात ते स्वतःच बघावं.

क्रिकेटची सिमेंटची खेळपट्टी हा आणखी एक ताप. वीस मीटरची ही पट्टी मैदानाच्या मधोमध, म्हणजे फुटबॉलच्या मध्यवर्तुळातच येते. तिच्यावर माती टाकून चटई अंथरण्याचा उपाय दहा मिनिटं टिकतो, माती सरकते आणि चटई दुमडते. जागा असेल तर फुटबॉलचं मैदान पट्टीच्या एका बाजूला सरकवावं, नसेल तर पट्टी उखडून कडेला घालावी. मधला मार्ग नाही.

फक्की मारणं, म्हणजे पांढऱ्या रेषा आखणं, सोपं वाटतं. साऱ्या रेषांची मिळून लांबी 695 मीटरच्या आसपास भरते. आखणी नायलॉनच्या दोरीनं केली तर दोरी ताणते आणि मैदान तिरकं होतं. स्टीलची टेप घ्यावी, कोपऱ्याचा काटकोन 3-4-5 च्या मापानं (बाजू 3 आणि 4 मीटर, तर कर्ण 5) काढावा आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. 100 बाय 64 ला दोन्ही 118.73 मीटर यायला हवेत. रेषेची रुंदी 12 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. फक्कीसाठी चुना अजिबात वापरू नये. ओल्या अंगावर तो भाजतो, डोळ्यात गेला तर विचारायलाच नको. खडूची पावडर घ्यावी. काही ठिकाणी रेषा टिकावी म्हणून गाडीचं जळकं ऑइल ओततात. रेषा खरंच टिकते, कारण तिथे पुढे गवतच उगवत नाही.

गोलपोस्टला चार इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप बरोबर बसतो, बाहेरून त्याची जाडी 114 मिलिमीटर भरते आणि नियमाची मर्यादा 12 सेंटिमीटर आहे. पैसे वाचवायला तीन इंची घेतला की आडवा बार काही वर्षांत मध्ये झोल खातो. उंची 2.44 मीटर, ती बारच्या खालच्या कडेपासून, आणि खांबाजवळ नाही, मधोमध मोजावी. गोलकीपरच्या पायांखाली वर्षभरात खड्डा पडतो, तिथे गोल दोन इंच उंच झालेला असतो आणि हे सहसा पंचांच्याही ध्यानात येत नाही. उचलायचा गोल असेल तर मागच्या पट्टीला जमिनीत नांगर किंवा वाळूची पोती हवीतच. पोरं बारला लोंबकळतात आणि गोल पुढे अंगावर येतो. याची चौकशी कुठल्याच ईर्ष्येत होत नाही.

नदीकाठच्या मैदानांना वेगळा नियम. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाण्याची पातळी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. पाणी ओसरल्यावर जो तलम गाळ बसतो तो नांगरून मातीत मिसळणं ही सर्वांत वाईट युक्ती, केलेला सगळा निचरा बुजतो. ओला असताना मैदानात पाय घालू नये. गाळ चामड्यासारखा वाळून कडा वर उचलायला लागला की फावड्यानं पापुद्रे काढून बाहेर न्यावेत. ‘आमच्याकडे टर्फ (कृत्रिम गवत) आहे’ म्हणणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण त्यातल्या रबराच्या दाण्यांत बसलेला गाळ धुऊन निघत नाही. एप्रिलच्या दुपारी त्याच टर्फवर अनवाणी उभं राहून दाखवावं, हे वेगळंच.

तर पोरांनो, वाद घालायचाच तर असा घाला. चेंडू दोन मीटरवरून सोडा. साठ सेंटिमीटर ते एक मीटर उसळला तर ठीक, कमी उसळला तर मैदान चिखल, जास्त उसळला तर फरशी. मग रंगाची रिकामी बादली बूड कापून दोन इंच जमिनीत दाबा, पाणी ओता आणि पट्टी लावून बसा. इंचभर पाणी अर्ध्या तासात मुरलं तर मैदान जिंकलं. काळ्या मातीवर तेवढ्याला अख्खी दुपार जाते. दोन्ही कॉलेजांच्या पोरांनी दोन्ही मैदानांवर, मध्यवर्तुळात एकदा, दोन्ही गोलांसमोर एकेकदा आणि चारी कोपऱ्यांत एकेकदा हे करावं आणि आकडे फळ्यावर लिहावेत. बादली कोणीही आणावी, बूड मात्र घरूनच कापून आणावं. ग्राउंडवर कापलं तर पत्र्याचे तुकडे गवतात राहतात.

आपले,
सांगली-मिरजेतील काही फुटबॉल पंच आणि मैदानाची निगा राखणारे कर्मचारी