ट्रकच्या डाव्या बाजूला

कुडचडे, गोवा,
रविवार, रात्री

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो. आपण घरात कोकणी बोलतो, पण मनातलं कागदावर उतरवायचं झालं की माझा हात मराठीकडेच वळतो. शाळा मराठी होती ना माझी.

गणपतीच्या चवथीला आली होतीस तेव्हा माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला तू मला मागे बसवून बाजारात नेलंस. वाटेत चिऱ्यांनी भरलेला ट्रक हळू झाला आणि तू त्याच्या डावीकडून सुळकन पुढे निघालीस. मी काही बोललो नाही. खांद्यावरचा माझा हात आवळला गेला तेव्हा तुला वाटलं असेल, म्हातारा घाबरला. घाबरलोच होतो.

त्या दुपारी तू झोपलीस तेव्हा मी एक उद्योग केला. शेजाऱ्यांचा टिपर ट्रक वाड्यावर उभा होता. तुझी लाल स्कूटर त्याच्या डाव्या दाराच्या थोडी मागे नेऊन लावली आणि वर चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. डाव्या आरशात हौद्याची कड दिसली, मागचा रस्ता दिसला, तुझी स्कूटर काही दिसली नाही. मग ती बंपरला लागून पुढे उभी केली. तरी नाही! काचेतून थेट पलीकडचा फणस दिसत होता. लख्ख ऊन होतं, ट्रक उभा होता, स्कूटर कुठे आहे हे मला ठाऊक होतं, तरीही ही गत. नव्या गाड्यांना जादा आरसे असतात म्हणे, पण रस्त्यावर जुन्याच गाड्या जास्त.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. तुझ्या आईलाही माहीत नाही.

२०१० साल. खाणी जोरात होत्या, खनिजाचे ट्रक रांगा लावून जेटीकडे जायचे आणि पैसे ट्रिपेवर मिळायचे. जितक्या ट्रिपा तितकी कमाई, वर बँकेचा हप्ता. क्लिनरचा पगार वाचावा म्हणून मी त्या महिन्यात आपला ट्रक एकटाच चालवत होतो. जेटीच्या वळणावर डावीकडे वळायचं होतं. इंडिकेटर दिला, आरसा पाहिला आणि गाडी आधी थोडी उजवीकडे ओढली. ओढावीच लागते, कारण वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. सरळ वळवली तर मागचं चाक गटारात. पण मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला वाटलं, ट्रकने वाट दिली. तो डावीकडून आत शिरला.

मला काही दिसलं नाही. पत्रा घासल्यासारखा आवाज तेवढा आला. उतरून पाहिलं तर स्कूटर मागच्या चाकाखाली चपटी झालेली आणि तो माणूस गटारात बसलेला, हात लोंबकळत होता. देवाने त्याला बाहेरच्या बाजूला फेकलं म्हणून वाचला. त्याचा जेवणाचा डबा चाकाखाली फुटला होता. लाल चिखलात शीत आणि हुमण, भात आणि माशांची आमटी, पसरलं होतं. आजही जेवताना कधी कधी तो डबा माझ्यासमोर येतो. त्या रात्री आईला सांगितलं, रेडिएटर गळत होता म्हणून उशीर झाला.

चूक त्याची की माझी, यावर मी बरीच वर्षं स्वतःशीच भांडलो. क्लिनर असता तर डावीकडे डोकं काढून ओरडला असता. ते पैसे मी वाचवले होते, हे खरं. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुढे ट्रक विकला, तेव्हा सगळे हळहळले. मला आतून थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही तुला पहिल्यांदाच सांगतोय.

तू रोज चिखलीहून वेर्ण्याला जातेस. तो मुरगाव बंदराच्या वाहतुकीचा रस्ता. भरलेला दहाचाकी ट्रक २५ टनांच्या वर जातो, तुझी स्कूटर सव्वाशे किलोचीही नाही. त्याचा ब्रेक हवेवर चालतो. पेडल दाबल्यावर हवा मागच्या चाकांपर्यंत पोचायला जरा वेळ लागतो, आणि पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. म्हणून जाणता ड्रायव्हर पुढे मोकळी जागा ठेवून चालतो. ती जागा त्याच्या ब्रेकसाठी असते गो, आपल्याला घुसण्यासाठी नव्हे! सिग्नलला ट्रकच्या नाकासमोर जाऊन उभी राहू नकोस. त्याचा आरसा तुला दिसत नसेल तर तूही त्याला दिसत नाहीस असं धर. ओव्हरटेक करायचंच झालं तर उजवीकडून, हॉर्न देऊन, समोर रस्ता रिकामा असेल तेव्हाच. त्याच्या बाजूला रेंगाळत राहू नकोस.

रात्री उशिरा सुटलीस तर एक ध्यानात ठेव. बंद पडलेल्या ट्रकमागे पुष्कळदा लाल त्रिकोण नसतो, झाडाच्या फांद्या टाकलेल्या असतात. रस्त्यात पाला दिसला की पुढे अंधारात ट्रक आहे असंच समज. आणि हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावून. चवथीला ते तुझ्या कोपरात लटकत होतं. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली शंभरात चव्वेचाळीसच्या वर दुचाकीवरची. हा आकडा वाचला तेव्हा मला आधी तुझं कोपर आठवलं.

ट्रकवाल्यांना शिव्या मात्र देऊ नकोस. एखादा रात्रभर घाट उतरून आलेला असतो, झोप झालेली नसते, मालक फोनवर फोन करत असतो. तो वाईट नसतो, पण त्याच्या अशा डोळ्यांवर तुझा जीव सोपवावा असंही मला वाटत नाही.

तुझ्या स्कूटरचा डावा आरसा सैल होता, तो तू जाण्याआधी घट्ट केलाय. पुढच्या शनिवारी येशील तेव्हा तुला टिपरच्या केबिनमध्ये बसवायचं आहे. शेजाऱ्यांना विचारून ठेवलंय. तू वर बस, मी खाली डाव्या बाजूला स्कूटर घेऊन उभा राहतो. कुठपर्यंत दिसतो ते सांग.

तुझा,
बाबा

ता. क. डब्याचं आईला तू सांगू नकोस. मीच सांगेन.